एक जोड, एक काठी

शाळेत होते तेव्हा मी परीक्षेच्या वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरची पोरं आपोआप ताठ बसायची. कुणाच्या बाहीत काय दडलंय हे मला बाही न उलगडता कळायचं. नोकरीतून निवृत्त झाले, पण ही खोड काही निवृत्त झाली नाही. आता घरात बाक नाहीत, पोरं नाहीत. आहेत ते फक्त आमचे हे, म्हणून सगळं लक्ष त्यांच्यावर.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारी सकाळी हे गावाकडे मासे धरायला निघाले आणि मी गॅलरीतून बघितलं, तर स्कूटरला दोन काठ्या बांधलेल्या.

"अहो, दोन कशाला?"

"असू दे की. एक मोडली तर?"

एवढं म्हणून गाडी सुरू केली आणि गेलेसुद्धा. मोडली तर म्हणे. या माणसानं आयुष्यात कधी दुसरी छत्री ठेवली नाही, दुसरा चष्मा करून घेतला नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली.

दोन काठ्यांवरून एवढं काय, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या सासरच्या गावचं तळं ज्याला ठाऊक आहे तो तसं म्हणणार नाही. बेळगावहून बेळगुंदीकडे जाताना वाटेत आमचं गाव लागतं. गावाच्या वरच्या अंगाला तळं आहे आणि तळ्याच्या बांधावर देवीचा शेंदूर फासलेला दगड. त्या दगडापासून खाली पाण्याकडे कुणी चपला घालून उतरत नाही. चपला दगडाशेजारी काढायच्या आणि अनवाणी जायचं. गळ टाकायचा नियम यावरच बेतलेला आहे. बांधावर चपलांचा एक जोड, तर पाण्यावर एक काठी. काठी हातात धरलेली पाहिजे, चिखलात रोवून झाडाखाली घोरत पडायचं नाही. जोड कमी आणि काठ्या जास्त दिसल्या की राखणदार बांधावरून शिट्टी मारतो. जो सापडेल त्याला तळं कायमचं बंद.

हा नियम केला आमच्या थोरल्या दिरांनी. त्यांना घरात आणि गावात सगळे अण्णा म्हणतात. त्यांच्या तरुणपणी चार-दोन लोक पाच-पाच काठ्या रोवून तळं उपसायचे आणि बाकीच्यांच्या वाट्याला नुसतं पाणी यायचं. अण्णांनी पंच जमवले, भांडले आणि नियम करून घेतला. पुढे वर्षानुवर्षं तळ्याच्या कमिटीत तेच थोरले. मी लग्न होऊन आले तेव्हा मास्तरीण सून म्हणून सासरचे जरा बिचकून होते. अण्णा मात्र पहिल्याच दिवशी म्हणाले, "काय मास्तरीणबाई, आमचीबी हजेरी घेनार काय?" तेव्हापासून त्यांच्या तोंडी मी मास्तरीणबाईच.

आमचा मुलगा परदेशात असतो. दोनेक वर्षांपूर्वी आला तेव्हा त्यानं वडिलांसाठी तिकडची काठी आणली. हलकी, लवचीक, आणि गळाला कणकेच्या गोळीऐवजी पिसाची खोटी माशी. ती पाण्यावर टाकायची, ओढायची, परत उचलून टाकायची. खरी माशी तरंगतेय असं वाटून मासा तोंड उघडतो. तळ्यावर तिचं काय करायचं यावर बांधावर कमिटीच बसली. एकजण म्हणाला, "खोटं दावून धरायचं म्हंजे फसवनूकच की." दुसरा म्हणाला, "मग कनकेची गोळी काय आपन माशाला पंगतीला वाढतोय व्हय?" मुलानं सांगितलं, तिकडे काही तळ्यांत एका माणसाला दोन काठ्या चालतात, एका दोराला तीन माश्या चालतात. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. "तेंच्याकडं पानी जास्त आसंल," ते म्हणाले. "आमच्यात काठी एकच. माश्या दोन बांधा. तिसरी बांधली की हावरटपना." झालं, तोच नियम ठरला.

आणि त्या हिवाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात याच अण्णांना दोन काठ्यांसकट पकडलं. एक करंजाच्या मुळाशी रोवलेली, दुसरी हातात, आणि बांधावर चपलांचा जोड एकच. गाव तोंडात बोटं घालून राहिलं. राखणदारानं विचारलं तेव्हा अण्णा दोन्ही काठ्यांकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "दोन्ही माझ्याच." नियम करणाऱ्यालाच नियमानं तळं बंद झालं. कमिटीतून काढलं ते वेगळंच. त्या दिवसापासून अण्णा घर आणि तळ्यामागचं शेत सोडून कुठे दिसेनात. मी त्यांचा विषय काढला की हे पेपर उघडून बसायचे.

तर अशा घरातला माणूस दोन काठ्या घेऊन त्याच तळ्यावर जातो, म्हटल्यावर संशय येणार नाही तर काय?

पुढच्या रविवारी मी डोळे उघडे ठेवले. हे गेल्यावर दारामागचं चपलांचं खोकं बघितलं. माझ्या जुन्या चपला गायब. अंगठा झिजलेल्या, टाकायच्या म्हणून ठेवलेल्या. संध्याकाळी हे परत आले, आंघोळीला गेले, आणि चपला खोक्यात हजर. तळव्याला तांबडी माती, पट्ट्यात कुसळं.

आता सगळं स्वच्छ दिसलं. हा माणूस माझ्या चपला बांधावर मांडून, बायको आली आहे असं भासवून दोन काठ्या टाकतो! भाऊ तसा हाही. मला संताप आला. माझ्या नावावर लबाडी, तीही अंगठा झिजलेल्या चपलांची. निदान चांगला जोड तरी न्यायचा.

पण मग मी काठ्या तपासल्या. हे शेजारी चहाला गेले होते तेवढ्यात. एक मुलानं आणलेली, दुसरी यांची जुनी बांबूची, तिलाही आता पिसाचीच माशी. माश्या हे घरी बनवतात, कोंबड्याची पिसं आणि माझ्या शिलाईच्या डब्यातला लाल दोरा. दोन्ही काठ्यांवरच्या माश्या चावून चोथा झालेल्या होत्या. दोन्ही मुठींना चिखलाची बोटं. आता, ही काठी वापरताना मी गच्चीवर यांना बघितलंय. हात क्षणभर थांबवता येत नाही. एका माणसाला अशा दोन काठ्या एकाच वेळी चालवणं शक्यच नाही. कणकेची गोळी असती तर गोष्ट वेगळी होती.

म्हणजे दोन काठ्यांना माणसंही दोनच. आणि दुसरं माणूस माझ्या चपला वापरतं.

हे सुचलं आणि मी तिथेच स्टुलावर बसले. या वयात? यांना? आरशात बघतात की नाही हे? हसू आलं. पण खोटं कशाला सांगू, त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्यानंतर एकेक पुरावा माझ्या पुढ्यात येऊन पडायला लागला. शनिवारी हे म्हणाले, "उद्या डब्याला भाकरी नको, दशम्या कर. दुधातल्या. मऊ कर जरा."

"तुम्हाला कधीपासून दशम्या आवडायला लागल्या?"

"कधीतरी खावं वाटतं की गं. आनी चटनी नको. लई तिखट होते."

जो माणूस जेवताना ठेचा नसला तर ताट सरकवतो, त्याला चटणी तिखट लागते? मी दशम्या केल्या. चांगल्या मऊ केल्या, वर लोण्याचा गोळाही ठेवला. येऊ दे, म्हटलं, जी कोण असेल तिला कळू दे की घरी हात चालतो.

पुढचा पुरावा रुमालाचा. धुवायला टाकलेल्या यांच्या रुमालाला तपकिरीचा वास. माझं माहेर निपाणीचं. तंबाखूच्या वखारींच्या वासात लहानाची मोठी झालेय मी. तपकीर कुठली आणि विडीचा चुरा कुठला हे मला झोपेतून उठवून विचारा. हे आयुष्यात तपकीर ओढत नाहीत. म्हणजे ती ओढते! मऊ दशम्या खाणारी, तपकीर ओढणारी, माझ्या चपला घालणारी बाई कशी असेल याचं चित्र मी मनात काढायला गेले, पण ते काही केल्या जमेना. तरी शंका गेली नाही. शंका ही चित्र जमण्याची वाट बघत नाही, हे मला पर्यवेक्षणातूनच कळलेलं होतं.

मग एका रविवारी हे गेल्यावर मी जेवण उरकलं, नव्या चपला पायात घातल्या आणि गावची बस धरली. बसमध्ये ओळखीची एक बाई भेटली. "एकट्याच व्हय आक्का?" असं तिनं विचारलं. "हे पुढं गेलेत," मी म्हणाले.  मनाशी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. तमाशा करायचा नाही. आधी बाईकडे बघायचं, मग यांच्याकडे, आणि चपला मागून घ्यायच्या.

बांधावर पोचले तर दगडाशेजारी दोनच जोड. यांचा, आणि त्याला चिकटून माझा जुना. पाण्यापलीकडे लांब आणखी दोघंतिघं बसलेले होते, त्यांच्या चपला त्यांच्या बाजूला. राखणदार दिसला नाही. मी नव्या चपला काढल्या आणि उतरले. पायाला खडे टोचत होते. करंजाच्या झाडापलीकडे पाणी आत वळतं, तिथे उंच गवत आहे. बांधावरून तिथली काठीची टोकं दिसतात, माणसं दिसत नाहीत. चांगली जागा निवडली आहे, म्हटलं.

गवत बाजूला केलं आणि थांबले.

हे बांबूची काठी घेऊन उभे होते. शेजारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून, मुलानं आणलेली चांगली काठी हातात धरून अण्णा. हात वर गेला, मागे गेला, दोर हवेतून लांब उलगडला आणि लाल दोऱ्याची माशी पाण्यावर अलगद बसली. त्यांची नजर पाण्यावरच होती. यांनी मला बघितलं आणि चोरी पकडलेल्या पोरासारखा चेहरा केला. काठी गवतावर टेकवून माझ्याकडे आले आणि मला झाडामागे नेलं.

"अहो, अण्णांना तळं बंद आहे ना?"

"हळू बोल."

"तुम्ही मला सांगितलं का नाही? मी काय काय विचार केले, माहीत आहे?"

"शपथ घातलीया त्येनी," हे म्हणाले. "कुनालाच सांगायचं न्हाय. तुलाबी न्हाय."

मग कुजबुजत सगळं सांगितलं. अण्णांनी लबाडी केलीच नव्हती. त्या दिवशी सकाळी काठी टाकली, तपकिरीची डबी आणायला घरी गेले, आणि काठी टाकल्याचंच विसरले. दुसरी घेऊन आले आणि टाकायला लागले. राखणदारानं शिट्टी मारली तेव्हा पहिली काठी कुणाची हे त्यांना स्वतःलाच आठवेना. अलीकडे बरंच विसरत होते. देवाला दिवा लावला की नाही, नातू कुठल्या इयत्तेत, बायकोला जाऊन किती वर्षं झाली. राखणदारापुढे चोरी कबूल केली. घरी परतताना हे सोबत होते. त्यांना अण्णा म्हणाले, "येडा म्हनून घेन्यापरास चोर म्हनलेलं बरं. चोराला लोकं शिव्या देत्यात. येड्याला हसत्यात."

"आनी आता?" मी विचारलं. बोलताना माझ्याही तोंडी गावची बोली आली.

"आता लई विसरत्यात. तळं बंद झालंय हेबी ध्यानात न्हाय. रविवार आला की काठी मागत्यात. त्येंच्या पोराला वाटतंय शेतात बसलेत. मी शेताच्या अंगानं हितं आनतो. पन नियम तेवढा पाठ हाय बघ. बांधावर दोन जोड हायत न्हवं, आसं इचारल्याबिगर काठीला हात लावत न्हाईत. त्येंच्या चपला ठिवल्या तर गाव वळखंल. म्हनून तुझ्या."

मला राग आला. लपवल्याचा राग, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. पण त्याच वेळी असंही झालं की जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या रडू आलं. लोणी लावलेली दशमी अण्णांच्या दात नसलेल्या तोंडात गेली होती, एवढंच मला सुचत होतं.

तेवढ्यात बांधावरून हाक आली. "कोन हाय रं तिकडं? ह्यो तिसरा जोड कुनाचा?"

राखणदार. यांचा चेहरा पांढरा पडला. तो खाली आला तर अण्णा पुन्हा सापडणार. या वेळी मग चोर म्हणूनही सुटका नव्हती. त्यांनी काय उत्तर दिलं असतं कुणास ठाऊक. कदाचित, तू कोण, असं राखणदारालाच विचारलं असतं. आणि मग गावाला सगळं कळलं असतं.

मी यांना तिथेच राहायला खुणावलं आणि पदर खोचून बांधाकडे चढायला लागले. राखणदार दोन पावलं उतरलाच होता. पन्नाशीचा माणूस, गळ्यात शिट्टी.

"आक्का तुमी व्हय? मग ह्या कुनाच्या आनी त्या कुनाच्या?"

"दोन्ही माझ्याच."

वाक्य तोंडातून गेल्यावर मला कळलं, हे मी कुणाचं बोलले ते.

"एका मानसाला दोन जोड?"

"नव्या चावतात रे बाबा. घरी जाताना घालायला जुन्या पिशवीत घेऊन येते. दर वेळी काठ्या किती दिसतात तुला?"

"दोन."

"एक यांची, एक माझी. जोड तीन आहेत. कमी आहेत का?"

त्यानं मान हलवली, पण पाय मागे घेतला नाही. डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला. ती नजर मला चांगली ओळखीची होती. "दर आयतवारी तुमच्या चपला दिसत्यात आक्का," तो म्हणाला, "तुमी काय कधी दिसत न्हाय."

"बाईमाणसानं पाण्यात पाय सोडून काठी धरलेली बघायची असते का तुला? तेवढ्यासाठी खाली येतोस? चल ये, बघ."

तो ओशाळला. "तसं न्हवं आक्का," म्हणत वर चढला आणि दुसऱ्या टोकाकडे चालायला लागला. त्याला पटलं की नाही, याची मला अजून शंका आहे. जाताना त्यानं माझे दोन्ही जोड पायानं सरळ करून एकाशेजारी एक लावून ठेवले. बहुतेक त्याला सगळं आधीपासून माहीत असावं. विचारायचं धाडस मात्र मला झालेलं नाही.

मी परत खाली आले. हे अजून झाडामागेच होते. अण्णा एकटेच पाण्यापाशी उभे होते, आणि आता त्यांचं लक्ष पाण्याकडे नव्हतं. गवतावर पडलेल्या बांबूच्या काठीकडे ते बघत होते. मग माझ्याकडे बघितलं.

"बाई, ही काठी कुनाची?"

मी झाडाकडे वळून बघितलं.

"हातात नसलेली काठी आमच्या तळ्यावर चालत न्हाय. कुनाची हाय ती बोला."

मी वाकून काठी उचलली. "माझी."

"चपला?"

"बांधावर आहेत."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुमी कुनाच्या?" त्यांनी विचारलं.

परक्या बाईला गावात असंच विचारतात.  "मी मास्तरीणबाई" हे शब्द ओठावर आले होते, पण त्यांना ते आठवलं नसतं तर मला सोसलं नसतं.

"तुमच्याच घरची," मी म्हणाले.

 त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नव्हता. जन्मभर मी ज्या डोळ्यांनी दुसऱ्यांकडे बघत आले, तेच डोळे माझ्यावर रोखलेले होते. मग त्यांनी दोर गुंडाळला, गवतावर थोडं बाजूला सरकले आणि शेजारची जागा हातानं साफ केली.

"बसा मग," अण्णा म्हणाले. "पन माश्या दोनच हायत न्हवं? दावा बघू."

मी दोर पुढे केला. त्यांनी लाल दोऱ्याच्या माश्या बोटानं एकदा मोजल्या, आणि पुन्हा एकदा मोजल्या.